एरवी पत्त्यांना हात लावत नाहीत, फक्त क्रूझवर...

‘एरवी ते पत्त्यांनाही हात लावत नाहीत, पण क्रूझवर गेले की कॅसिनोतून उठत नाहीत. याला व्यसन म्हणायचं का?’ समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की, विचारणारी व्यक्ती ‘क्रूझ’ हा शब्द उच्चारून थबकली की पुढचे वाक्य मला ठाऊक असते. कधी पत्नी विचारते, कधी आईवडिलांना हौसेने सहलीला पाठवणारा मुलगा विचारतो, तर कधी खेळणारी व्यक्ती स्वतःच ‘एका मित्राबद्दल’ विचारते. विचारणाऱ्याच्या स्वरात काळजीइतकाच संकोचही असतो, कारण वर्षातून एकदा सुट्टीत केलेल्या मौजेला नावे ठेवणे त्याला स्वतःलाच क्षुद्रपणाचे वाटत असते. या प्रश्नाला माझे जे उत्तर आहे, ते एका जोडप्याच्या आधाराने सांगणे मला सोयीचे वाटते. त्या दोघांनी त्यासाठी संमती दिली आहे आणि ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत.

ते गृहस्थ सेवानिवृत्त होते. सारी हयात त्यांनी हिशेबतपासनीस म्हणून काढली होती आणि पत्नीच्या आग्रहाखातरच ते माझ्याकडे आले होते. खुर्चीवर बसताच त्यांनी खिशातून एक छापील पत्र काढून माझ्यापुढे ठेवले. जहाजावरील कॅसिनोच्या क्लबकडून आलेले ते निमंत्रण होते. पुढच्या प्रवासात त्यांना केबिन विनामूल्य मिळणार होती, फक्त कर आणि बंदराचे शुल्क भरायचे होते.

“हे पाहा मॅडम, हरणाऱ्या माणसाला कोणी फुकट बोलावतं का?”

मी पत्र बाजूला ठेवले आणि जहाजावरची एक संध्याकाळ सविस्तर सांगण्याची विनंती केली. त्यांनी ती तपासनिसाच्या काटेकोरपणे सांगितली. जहाज बंदरात उभे असताना कॅसिनो बहुधा बंद असतो. किनाऱ्यापासून साधारणपणे १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाची प्रादेशिक हद्द असते आणि ती ओलांडल्यावरच टेबले उघडतात. त्यामुळे इतर प्रवासी सूर्यास्ताची छायाचित्रे घेत असताना हे कठड्याशी उभे राहून किनारा दिसेनासा कधी होतो याकडे लक्ष ठेवून असत. जेवणाच्या दालनातून नाट्यगृहाकडे जाणारी वाट कॅसिनोतूनच जात होती. आत खिडकी नव्हती आणि घड्याळही नव्हते. केबिनचे दार उघडणारे कार्डच तेथे पैशांचेही काम करत होते. ते दाखवले की चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, मिळत आणि रक्कम प्रवासाच्या एकूण बिलात जमा होई. ‘पाकिटाला हातही लागत नाही,’ हे त्यांनी सोय म्हणून सांगितले.

ते रूलेट खेळत, म्हणजे फिरत्या चाकावरचा चेंडू कोणत्या घरात थांबेल यावर पैज लावत. चाकावर एकूण ३८ घरे असतात, १८ लाल, १८ काळी आणि शून्य व दुहेरी शून्य अशी २ हिरवी, हे त्यांनीच मला समजावले. मी त्यांच्यापुढे कागद सरकवला आणि पणाला लागलेल्या रकमेतला कॅसिनोचा सरासरी वाटा काढायला सांगितले. त्यांनी तो चटकन काढला, ५.२६ टक्के. एका फेरीला सरासरी १० चिप्स, तासाला सुमारे ४० फेऱ्या, रात्री ५ तास आणि ६ रात्री, असे त्यांचेच आकडे घेऊन गुणाकार झाला. पणाला लागलेल्या चिप्स १२,००० आणि त्यांवरील अपेक्षित तोटा सुमारे ६३१. मग मी एवढेच सांगितले की कार्ड नोंदवून खेळणाऱ्याच्या बाबतीत कॅसिनो नेमके हेच गणित मांडतो. डाव किती मोठा, वेळ किती आणि खेळ कोणता, यांवरून अपेक्षित तोटा काढला जातो आणि त्याच्या काही हिश्श्याइतका पाहुणचार देऊ केला जातो.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. “म्हणजे ही केबिन माझ्याच पैशांची आहे,” असे म्हणून मनापासून हसले, मला दाद दिली आणि त्याच आठवड्यात त्यांनी ते आरक्षण निश्चित केले.

गणित कळले की माणूस थांबतो, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या नातेवाइकांसाठी मी हा भाग मुद्दाम सांगते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडला होता आणि ‘आता तरी लाल येणारच’ या खात्रीने लोकांनी लाल रंगावर पैसे ओतले होते. त्यांतील कित्येकांना मागील फेरीचा पुढील फेरीशी संबंध नसतो हे शांत डोक्याने विचारले असते, तर मान्यच झाले असते. माहिती मनात असते, पण रात्री एक वाजता मनात दुसरेच वाक्य चालू असते. मला स्वारस्य असते ते त्या वाक्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो याच कारणासाठी. प्रसंग माणसाला जितका फरफटत नेतो, त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयीचा त्याचा हट्ट नेतो.

म्हणून पुढील भेटींत मी तोच प्रश्न वेगवेगळ्या अंगांनी विचारत राहिले. “शेवटच्या रात्री उठावंसं वाटत नाही, तेव्हा मनात नेमकं काय चाललेलं असतं?”

“आज नाही तर मग नाहीच. सकाळी जहाज बंदराला लागणार.”

हे उत्तर मला मोलाचे वाटले. जमिनीवरचा कॅसिनो उद्याही तेथेच असतो, पण जहाजावरच्या हरण्याला मुदत असते. गेलेले परत मिळवायचे तर ते उजाडण्यापूर्वी मिळवावे लागते आणि म्हणून शेवटच्या रात्री डाव मोठे होत जातात.

“आणि नाही भरून निघालं तर?”

“तर बिल येतं.”

त्या दिवशी त्यांच्या पत्नीही सोबत होत्या. पर्स मांडीवर धरून त्या इतका वेळ केवळ ऐकत होत्या. गृहस्थांनी गमतीच्या सुरात सांगितले की शेवटच्या पहाटे प्रवासाचा पूर्ण हिशेब केबिनच्या दाराखालून आत सरकवला जातो. तो हिच्या हाती लागू नये म्हणून ते अंधारात दाराजवळ जमिनीवर बसून राहिले होते. गेल्या सहलीत आणि तिच्या आधीच्या सहलीतही.

“दोन्ही वेळा मी जागी होते,” पत्नी म्हणाल्या. “कागद सरकल्याचा आवाज मलाही आला. तुम्ही तो घडी करून बुटात ठेवलात.”

गृहस्थांचा चेहरा उतरला. “मग तू बोलली का नाहीस?”

“मला जाग येऊ नये म्हणून तुम्ही इतके जपून हालत होतात. मला वाटलं, आपण झोपेचं सोंग तरी नीट करावं.”

त्यानंतर बराच वेळ कोणीच बोलले नाही आणि मीही बोलले नाही. अशा वेळी सांत्वनाची घाई करणारे समुपदेशक मी पाहिले आहेत. मला मात्र इतक्या वर्षांच्या कामाने थांबणे शिकवले आहे आणि त्या दिवशी ते उपयोगी पडले. कारण शांततेचा भंग गृहस्थांनीच केला आणि जे बोलले ते मी सुचवूनही त्यांच्या तोंडून आले नसते. “आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या. माझ्या हिशेबातली चूक हिने पाहिली, तर माझी किंमत काय राहिली?”

येथे सारे चित्र माझ्यापुढे स्पष्ट झाले. ते जिंकण्यासाठी खेळत आहेत असे घरातील सर्वांना वाटत होते आणि त्यांनाही तसेच वाटत होते. पहिल्या दोन रात्रींपुरते ते खरेही होते. तिसऱ्या रात्रीपासून मात्र ते एक नोंद खोडण्यासाठी खेळत होते. तोटा झालाच नाही असे व्हायला हवे, या हट्टापुढे ५.२६ टक्क्यांची काय मातब्बरी?

मी त्यांना त्यांच्याच व्यवसायात नेले. “एखाद्या खात्यात तूट सापडली, तर खाते लिहिणाऱ्याला तुम्ही काय सांगत होतात?”

“तूट दाखवा, कारण लिहा आणि पुढचं पान सुरू करा.”

“आणि ती तूट कुणाला कळू नये म्हणून त्याने उरलेली शिल्लक पणाला लावली असती तर?”

“त्याला कामावरून काढण्याची शिफारस केली असती,” ते म्हणाले आणि वाक्य पूर्ण होताच पत्नीकडे पाहून त्यांना हसू आले. तूट लिहून टाकणाऱ्याला ते कधीच नालायक ठरवत नसत, ही सवलत त्यांनी फक्त स्वतःला नाकारली होती. विनामूल्य केबिनचे ते आरक्षण त्यांनी त्याच रात्री रद्द केले. बुटातला कागद घरी एका फाइलमध्ये सुरक्षित होता, हिशेबतपासनीस तो फेकणार कसा? तो त्यांनी आणला आणि दोघांनी माझ्यासमोर ओळ न् ओळ वाचला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घातला. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही तो व्यसनाधीनतेशी निगडित विकारांमध्ये आहे. अमेरिकी पुस्तिकेत नऊ लक्षणे दिली आहेत आणि त्यांपैकी किमान चार बारा महिन्यांच्या काळात आढळली तर निदानाचा विचार होतो. डाव वाढवत न्यावा लागणे, थांबण्याचे प्रयत्न फसणे, थांबताना चिडचिड होणे, मन अस्वस्थ असताना खेळाकडे वळणे, हरलेले परत मिळवायला पुन्हा जाणे, खोटे बोलणे, पैशांसाठी दुसऱ्यांवर विसंबणे, ही त्यांपैकी काही लक्षणे आहेत. वर्षातून किती वेळा खेळले, हे त्या नऊ लक्षणांत नाही. त्यामुळे ‘फक्त क्रूझवरच’ या शब्दांत घरच्यांना वाटतो तेवढा दिलासा नसतो आणि ‘रोज रात्री बसतात’ यात वाटते तेवढे संकटही नसते. ठरवून आणलेली रक्कम संपली की जो हसत उठतो, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. या गृहस्थांमध्ये दोन लक्षणे स्पष्ट होती, गेलेल्यामागे धावणे आणि लपवणे. निदानासाठी ती पुरेशी नव्हती, पण मी सर्वांत गांभीर्याने घेते ती हीच दोन. ‘किती हरले?’ असे नातेवाईक विचारतात. ‘हरल्यानंतर काय केले?’ हे विचारावे, असे मी सांगते.

ज्यांना जायचेच आहे, त्यांनी काही गोष्टी चढण्यापूर्वी किंवा पहिल्याच दिवशी कराव्यात, कारण तिसऱ्या रात्री त्या सुचत नाहीत. कार्डावरून कॅसिनोत पैसे घेण्याची सोय बंद करता येईल का, किंवा त्यावर मर्यादा घालता येईल का, हे जहाजाच्या स्वागतकक्षात विचारावे. कित्येक जहाजांवर प्रवाशाच्या विनंतीवरून त्याला कॅसिनोतच प्रवेश बंद करता येतो. खेळायचे असल्यास तेवढी रोकड वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि त्यात भर घालू नये. एकाच शून्याचे चाक निवडले की कॅसिनोचा वाटा २.७० टक्क्यांवर येतो, हे खरे आहे, पण त्याने तोट्याची चाल मंदावते, दिशा बदलत नाही. स्लॉट मशीनविषयी, म्हणजे बटण दाबून चित्रे जुळवायच्या यंत्राविषयी, मी अधिक कठोर आहे. तेथे फेरी काही सेकंदांत संपते आणि तिसरे चित्र जरासे हुकले की ‘थोडक्यात गेले’ असे वाटते. थोडक्यात हुकण्याच्या क्षणी मेंदूतील जिंकण्याशी संबंधित भाग कार्यरत होतात, असे २००९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले आहे. यंत्राच्या दृष्टीने मात्र तो निव्वळ तोटा असतो.

घरच्यांनी पाळतीवर राहू नये, चिप्स मोजू नयेत आणि गुपचूप कर्जही फेडू नये. झोपेचे सोंगही घेऊ नये, हे मी त्या पत्नींना सौम्य शब्दांत सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. आणखी एक बाब क्वचितच कोणाच्या लक्षात येते. पार्किन्सनच्या आजारावरील प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांमध्ये जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते. उतारवयात ही ओढ एकाएकी सुरू झाली असेल, तर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, मात्र औषध स्वतःहून बंद करू नये. कर्ज, चोरी किंवा आत्महत्येचे विचार यांपैकी काहीही दिसत असेल, तर माझ्यासारख्या समुपदेशकावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस’चे गट आज अनेक देशांत चालतात आणि तेथे ‘मी हरलो’ हे वाक्य मोठ्याने म्हणण्याची सोय आहे.

हे जोडपे नंतर स्वतःच्या पैशांनी पुन्हा क्रूझला गेले. पहिल्या दिवशी गृहस्थ आपणहून स्वागतकक्षात गेले आणि कॅसिनोची बंदी मागितली. तेथील कर्मचाऱ्याने विचारले, “या प्रवासापुरती की कायमची?” त्यांनी प्रवासापुरती घेतली. पत्नींचे म्हणणे कायमची घ्यायला हवी होती. यावर दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही आणि पुढील भेटीचा विषय तोच आहे.