मधुमेह असलेल्या आईला रोज फ्रोजन रासबेरी द्यावी का? मोठा भाऊ म्हणतो, फळं बंदच करा.

द्या की. खरं तर मी उत्तर लिहिणार नव्हतो, पण ‘फळं बंद’ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडेही या फळबंदीचे पुरस्कर्ते मोठे बंधूच आहेत.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. पुण्याचा भाचा आजीसाठी फ्रोजन रासबेरीची थैली घेऊन आला. (इथे ठेल्यावर मिळते ती पिवळी रसभरी वेगळी.) मी म्हटलं, मूठभर दह्यात घालून आईला देऊ. 100 ग्रॅम रासबेरीत साखर साडेचार ग्रॅमच्या आसपास, फायबर साडेसहा. केळ्यात साखर बारा, फायबर जेमतेम अडीच. यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण दादा म्हणाले, “फळ म्हणजे साखर. आईला नको.” विषय संपला.

थैली फ्रीजरमध्ये पडून राहिली ती दसऱ्यापर्यंत. वहिनींनी चक्का टांगला होता, त्यांना रासबेरी श्रीखंडाची कल्पना सुचली. हे फळ आतून पोकळ, त्यामुळे वितळलं की बसतंच; पातेल्यात नुसता लाल गर आणि त्यात खसखशीहून मोठ्या, टणक बिया. त्या आईच्या कवळीखाली अडकतात, म्हणून वहिनींनी गर मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून गाळला. चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात. मग चक्क्याच्या बरोबरीनं साखर. रंग सुरेख आला होता, खोटं कशाला बोलू. आईनं पुऱ्यांबरोबर दोन वाट्या खाल्लं. रात्री दादांनी तिचं बोट टोचलं, मशीनवर 268. तेव्हापासून ‘रासबेरीनं आईची शुगर चढली’ हे मी प्रत्येक लग्नामुंजीत ऐकतो आहे.

अहो, फायबरचा मोठा वाटा त्या बियांत आणि चोथ्यात होता, तो सकाळच्या कचरागाडीत गेला! साखर रक्तात सावकाश उतरावी म्हणून ज्याचा उपयोग, तेच फेकलं. पोटात गेली ती वाटीभर साखर आणि मैदा. दोष मात्र फळाला.

तर द्यायची असेल तर अख्खी द्या, बियांसकट, बिनसाखरेच्या दह्यात. कवळी असेल तर नंतर काढून धुवायची, एवढंच. फ्रोजन आहे म्हणून काही बिघडत नाही, फक्त पाकिटावर साखर घातल्याचं लिहिलेलं नाही ना ते बघा. रासबेरी सरबत, जॅम वगैरेला फळ समजू नका. आणि वजन उतरवणाऱ्या रासबेरी किटोनच्या कॅप्सूल कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा; माणसांवर त्याचा धड पुरावा नाही.

महाग वाटत असेल तर हट्ट नको. थंडीत पेरू खा. 100 ग्रॅममध्ये फायबर पाच ग्रॅमच्या वर, आणि क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमहून जास्त. रासबेरीत ते पंचवीसेकच. साखर पेरूत दुप्पट, हे खरं, पण आख्खा पेरू चावून खाल्ला तर चालतो. आमच्याकडे पेरूही बंद आहे, सकाळच्या पोह्यांवर सेव आणि बाजूला जलेबी मात्र चालू.

हो, एक राहिलं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा ऑक्झलेटचे खडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा गोळ्यांचं प्रमाण घरच्या घरी बदलू नका.

आणि भावाला म्हणावं, एक दिवस नुसती रासबेरी आणि दही द्या, आधी बोट टोचा, दोन तासांनी परत टोचा, आकडा कागदावर लिहा. मी दादांना हे किती वेळा सांगितलं. मशीन त्यांच्याच कपाटात असतं, पण तो दिवस काही उजाडत नाही.