बाख, बोटं आणि तेच तेच प्रश्न

पियानोच्या परीक्षांचा सीझन आला की माझ्याकडे जर्मन संगीतकार बाखचेच प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे मागच्याच वर्षीचे. असो, परत एकदा.

प्र. बाखला पेडल लावायचंच नाही असं ग्रुपवर वाचलं. खरं का?

बाखच्या काळच्या हार्प्सिकॉर्डला (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) सूर धरून ठेवणारं पेडल नव्हतं, पियानोला आहे. बोटांनी जोडता येतं ते पायाने जोडू नका, एवढंच. आधी अख्खा पीस बिनपेडलचा टीचरना ऐकवा, मग ठरवा.

प्र. मुलगी १० वर्षांची, पहिलं इन्व्हेन्शन (बाखचा छोटा पीस) शिकतेय. पुस्तकातले बोटांचे आकडे (अंगठा १, करंगळी ५) तिला जमत नाहीत. पण ते बाखनेच दिलेत ना, बदलायचे कसे?

नाही हो, बाखने नाही दिले! १७२३ च्या त्याच्या स्वतःच्या हस्तलिखितात या इन्व्हेन्शनवर बोटाचा एक आकडा नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर बारीक अक्षरात बघा, फिंगरिंग (बोटांचे आकडे) करणाऱ्याचं नाव बहुतेक सापडेल, ऊर्टेक्स्ट (मूळ हस्तलिखिताला धरून छापलेली प्रत) घेतलंत तरी. १९व्या शतकात चेर्नीसारख्या पियानोशिक्षकांनी आकडे, स्लर (सूर जोडायच्या कमानी), जोरात-हळू सगळं आपल्या मनाने घातलं आणि आपण ते पोथीसारखं पाळतोय. माझं म्हणणं इतकंच की आधी सूर कुठे जोडायचे आणि कुठे सोडायचे ते ठरवा, बोटं त्यानंतर. मुलीला थीम गायला सांगा: सा रे ग म रे ग सा, आणि पुढे प सां नि सां. पहिले भराभर जाणारे सूर जोडून येतात, नंतरचे दुप्पट लांबीचे जरा सुटे, बरोबर? मग जिथे सूर सुटतो तिथे हात मोकळाच असतो, तो सरळ उचलून पुढे न्या, अंगठा खालून घालायची कसरत कशाला? उजव्या हाताला १ २ ३ ४ २ ३ १ ५ आरामात बसतं. खरी गंमत डाव्याची. अर्ध्या बारने (बार म्हणजे तालाचा एक खंड) तीच थीम तो खालच्या सप्तकात घेतो, ५ ४ ३ २ ४ ३ ५ १, आणि त्या ४ ३ ५ ला सूर एकमेकांत घुसतात, उजवा स्वच्छ बोलतो आणि डावा तोंडात लाडू असल्यासारखा. आकडे बदलायचे तर तिथे बदला, पण दोन्ही हातांचा श्वास एकाच जागी हवा. नवे आकडे पेन्सिलने लिहा आणि टीचरना दाखवल्याशिवाय पक्के करू नका, हात प्रत्येकाचा वेगळा.

प्र. हार्प्सिकॉर्डचा इफेक्ट यावा म्हणून सगळं स्टॅकाटो (तुटक-तुटक) वाजवतो. चालेल?

नाही. त्याच इन्व्हेन्शन्सच्या मुखपृष्ठावर बाखने गाता गळा यावा म्हणून हे लिहिलंय असं सांगितलंय, टोचून टोचून कोण गातं? हार्प्सिकॉर्डची पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच, म्हणून एखादा सूर उठून दिसायला त्याच्या आधी बारीकशी फट सोडायची. पेटीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्र. ‘बाखचं सीक्रेट ओरिजिनल फिंगरिंग’ असा ऑनलाइन कोर्स आहे, आज रात्रीपर्यंत डिस्काउंट. घेऊ का?

पैसे ठेवा. १७२० मध्ये ९ वर्षांच्या मुलासाठी बाखने जी वही सुरू केली त्यात दोन छोट्या पीसेसवर आकडे आहेत, त्यातल्या एकात उजवा हात ३ ४ ३ ४ करत चढतो. एवढंच ‘सीक्रेट’, आणि ते जगजाहीर आहे. गंमत म्हणून करून बघा, सूर आपोआप दोन-दोनच्या जोड्यांत पडतात. पण पियानोची पट्टी जड आणि खोल, तिथे रोज हेच करायचं का ते टीचरना विचारा, डिस्काउंटवाल्याला नको.

प्र. ट्रिल (शेजारचे दोन सूर भराभर आलटून-पालटून) वाजवताना मनगट दुखतं, महिना झाला. कोणी म्हणालं बोटं मजबूत करायचं स्प्रिंगचं यंत्र घ्या.

महिना?! यंत्र राहू दे, वाजवणं थांबवा आणि ऑर्थोपेडिककडे जा, या आठवड्यातच.

प्र. परीक्षा ९ दिवसांवर, आणि नव्या मॅडम सगळं फिंगरिंग बदला म्हणतात.

हे दोन महिन्यांपूर्वी विचारायचं होतंत. आता जिथे हमखास अडखळता त्या दोन-तीनच जागा बदला, त्याही मॅडमना शेजारी बसवून.