फ्रेंच इमर्शन की घराजवळची शाळा?

कॅनडात मुलांना वाढवणाऱ्या मराठी घरांतून आलेले काही प्रश्न. (फ्रेंच इमर्शन म्हणजे इंग्रजी शाळांतले, बरेचसे विषय फ्रेंचमधूनच शिकवणारे वर्ग.)

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये पहिलीला जाईल. आम्हा दोघांनाही फ्रेंचचा गंध नाही. इमर्शनला घातलं तर अभ्यास कोण घेणार? (मिसिसागा)

उत्तर : ही योजना फ्रेंच न येणाऱ्या घरांसाठीच निघाली. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजीभाषक पालकांनी लावून धरलं, म्हणून तिथे असा वर्ग सुरू झाला. पालकांना फ्रेंच येत नाही हे बाई धरूनच चालतात आणि इंग्रजी बोर्डाच्या (म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) शाळेतलं प्रगतिपुस्तकही इंग्रजीत येतं. तुम्ही रोज तिला गोष्ट वाचून दाखवा, मराठीत किंवा इंग्रजीत. मोडकंतोडकं फ्रेंच शिकवायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : मुलगा इमर्शनला दुसरीत आहे. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा इंग्रजी गोष्टी घडाघडा वाचतो, आमचा अडखळतो. शाळा बदलू का? (ब्रॅम्प्टन)

उत्तर : तो फ्रेंच वाचतानाही अडखळतो का, ते आधी बघा. पुष्कळ ठिकाणी इमर्शनच्या मुलांचं इंग्रजी वाचन-लेखन रीतसर सुरू होतं तेच तिसरी-चौथीत. तोवर ती मागे दिसणारच आणि तास सुरू झाले की बहुतेकांचं भरूनही निघतं.

दोन्हीकडे गाडी अडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जेवताना खेळ म्हणून विचारा, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? (‘मळ’ म्हणून खिदळला तर उत्तमच.) ‘पाट’शी जुळणारा शब्द सांग. असल्या खेळात मराठीतही तो सारखा गोंधळत असेल आणि फ्रेंचमधले सोपे शब्दही महिनोन्महिने जुळवता येत नसतील, तर ‘येईल हळूहळू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मग त्या वर्गशिक्षिका का असेनात. वाचनात नेमकं काय अडतं, याच्या तपासणीची मागणी शाळेकडे लेखी करा.

वाचनातली मूळ अडचण शाळा बदलल्याने जात नाही, ती इंग्रजी वर्गातही सोबत येते. पण वाचनासाठी वेगळी मदत करणारे शिक्षक बऱ्याचदा इंग्रजी वर्गालाच सहज मिळतात. तुमच्याकडे तसं असेल तर खुशाल बदला. ‘इमर्शनमधून काढलं’ हे चार लोकांत सांगायला नको, म्हणून मुलाचं वर्ष घालवणं मला पटत नाही.

प्रश्न : बारावीपर्यंत शिकल्यावर फ्रेंच लोकांसारखं बोलता येईल? सरकारी नोकरी मिळेल? (कॅल्गरी)

उत्तर : ऐकलेलं-वाचलेलं छान कळेल. बोलण्या-लिहिण्यात चुका राहतात, कारण मधल्या सुट्टीत सगळी पोरं इंग्रजीच बोलतात. केंद्र सरकारच्या द्विभाषिक पदांसाठी वेगळी भाषापरीक्षा द्यावीच लागते.

प्रश्न : नात हॅमिल्टनला असते. पायी पाच मिनिटांवरची शाळा सोडून तिला बसने लांब पाठवणार म्हणतात. शिवाय तीन भाषांत मराठी बुडेल, नाही का? (ठाण्याचे आजोबा)

उत्तर : आजोबा, मराठी बुडते ती इंग्रजीमुळे, आणि इंग्रजी दोन्ही शाळांत आहे. तुमचा रोजचा फोन मराठीतच चालू ठेवा.

बसचं मात्र तुमचं बरोबर. सहा वर्षांच्या पोरीला थंडीत स्टॉपवर उभं करायचं, वर खेळायला गल्लीतलं कुणी वर्गात नाही, ही किंमत लहान नव्हे. मुलाला-सुनेला सांगा, शाळेत जाऊन दोन गोष्टी विचारा : पहिलीतली किती मुलं आठवीपर्यंत टिकतात, आणि फ्रेंचच्या शिक्षिका वर्षभर त्याच राहतात की बदलत्या असतात? फ्रेंच शिकवणाऱ्यांची तिथे कायमची टंचाई आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर मी जवळची शाळा घेईन. हॅमिल्टनच्या ओंटारिओ प्रांतात इंग्रजी शाळांत चौथी ते आठवी फ्रेंच सगळ्यांनाच असतं, आणि काही बोर्डांत मधल्या इयत्तांतही इमर्शनला जाता येतं.