शुभवर्तमानातलं ‘वर्तमान’

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय: “आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बुधवारच्या बायबल अभ्यासात सध्या मार्क, म्हणजे येशूची कथा सांगणारं बायबलातलं एक शुभवर्तमान, चाललंय. शिकवणारे म्हणाले, शुभवर्तमान म्हणजे शुभ असा वर्तमानकाळ. मागचं विसरा, आजच्या दिवसात जगा. हे बरोबर आहे का? आणि शुभवर्तमान नि सुवार्ता यांत फरक काय?”

बरोबर नाही. हा अर्थ मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलाय की आता ऐकवत नाही. उपदेश चांगला असेल, पण तो या शब्दातून निघत नाही. इथे वर्तमान म्हणजे बातमी. रोजच्या वर्तमानपत्रात कालच्याच घडामोडी छापलेल्या असतात, तरी कुणाला खटकतं का? जुन्या पत्रांत ‘इकडील वर्तमान’ लिहीत, म्हणजे इकडची खबर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८५७ ची आवृत्ती) हा अर्थ आहे. सोलापूरकरांना कोशाचीही गरज नाही, कानडीतही वर्तमान म्हणजे बातमी.

एका व्यासंगी गृहस्थांचं म्हणणं असं की शुभवर्तमान हे मिशनऱ्यांचं ओढूनताणून केलेलं मराठी. साफ चूक. बंगालमधल्या श्रीरामपूरला मत्तय, म्हणजे मार्कसारखंच दुसरं शुभवर्तमान, मराठीत छापला गेला १८०५ मध्ये, नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) १८११ मध्ये. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि पत्रापत्रांतून वर्तमानं जात-येत होती. त्या काळच्या मराठीत बातमीला याहून घरचा शब्द दाखवा, मग बोलू. आज तो आपल्याला अवघड वाटतो, कारण आपण तो फक्त व्याकरणाच्या तासाला ठेवला.

आता खरी गंमत मूळ ग्रीक शब्दात आहे. एवांगेलिऑन. ‘एउ’ म्हणजे चांगलं, ‘अंगेलोस’ म्हणजे निरोप्या; देवदूतालाही ग्रीकमध्ये हाच शब्द. पण प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात एवांगेलिऑनचा अर्थ चांगली बातमी असा नाहीच! तिथे तो चांगली बातमी आणणाऱ्याला द्यायचं बक्षीस आहे. काव्याचा नायक ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच डुकरं राखणाऱ्या चाकरापुढे बसलाय. म्हणतो, तुझा धनी परत येतोय. तो घरी आला की या बातमीचं एवांगेलिऑन म्हणून मला अंगरखा नि झगा दे. आपण काय म्हणतो? ‘तुझ्या तोंडात साखर पडो!’ तीच ती साखर. पुढे बक्षिसाचा शब्द बातमीलाच चिकटला. ख्रिस्तपूर्व ९ मधल्या प्रीएनीच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) शिलालेखात रोमन सम्राट ऑगस्टसच्या जन्माशी तो अनेकवचनात जोडलाय. मार्कने सुरुवातीलाच हा शब्द येशूसाठी वापरला, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात दवंडी वाजली असणार असं मला पक्कं वाटतं. म्हणून वर्गात मार्क शिकवताना पहिलं वचन पुटपुटून पुढे जाऊ नये, खड्या आवाजात वाचावं. ‘आजच्या दिवसात जगा’ म्हटलं की निरोप्या, धावपळ, दारावरची थाप सगळं निघून जातं आणि उरतो नुसता सल्ला.

हो, फरक राहिला. येत्या बुधवारी मार्कचं पहिलं पान उघडा. वर मथळ्यात ‘शुभवर्तमान’, खाली पहिल्याच वचनात ‘सुवार्ता’. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द. वर्तमान नि वार्ता ही भावंडंच, दोन्ही ‘वृत्’ धातूची. मराठीत मात्र वाटणी झाली: शुभवर्तमान हे पुस्तक, सुवार्ता हा त्यातला निरोप. शुभवर्तमान वाचतात, सुवार्ता सांगतात. ही वाटणी मला आवडते, ती मोडू नये.

तेलुगू बायबलात मात्र मथळ्यातही ‘सुवार्त’च आहे. तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू शेजारणीला अभ्यासाला बोलवाल, तर सुवार्ता म्हणा. तिला फोड करून सांगावं लागणार नाही.