पालक विचारतात: लाखांनी फी भरून पोरगी थीम पार्कात कामाला पाठवायची का?

मागच्या अंकात परदेशातल्या इंटर्नशिपवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, आणि गंमत म्हणजे त्यातली निम्मी एकाच विषयावर, डिस्ने. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, दहावीच्या मार्कांवाल्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं मोबाईलवर कुणाचे तरी रील बघितलेत की फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डमध्ये कॉलेजच्या मुलामुलींना काही महिने काम देतात, राहायची सोय होते, पगार मिळतो आणि सुट्टीच्या दिवशी पार्क फुकट. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिचे बाबा म्हणतात, एवढी फी भरून शिकवतोय ते काय तिथं जाऊन लोकांचे खरकटे ग्लास उचलायला? सासूबाईंनी तर तोंडच फिरवलंय. एक एजंट म्हणतो साडेतीन लाखात सगळं करून देतो, व्हिसाची गॅरंटी माझी. पाठवू का? — एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण तिथंच सगळा घोळ आहे. रीलमध्ये दिसतो तो डिस्ने कॉलेज प्रोग्राम, १९८० च्या सुमारास सुरू झालेला, पण तो मुळात अमेरिकेतल्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरांसाठी. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, जन्मानं तिथलीच, तिनं एक सेमिस्टर केलंय हे, म्हणून मला आतलं थोडं माहीत आहे. सांगलीत शिकणारी मुलगी त्या फॉर्ममध्ये बसत नाही, तिला वेगळ्या दारानं जावं लागतं आणि ते दार म्हणजे बहुतेक वेळा जे-१ व्हिसा, म्हणजे शिकण्या-अनुभवाच्या देवाणघेवाणीसाठीचा. डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट पार्कात देशोदेशीचे जे मंडप आहेत तिथं त्या त्या देशाची पोरं क्यू व्हिसावर, म्हणजे सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर येतात, पण ते अकरा देश आहेत आणि त्यात भारत नाही, त्यामुळं 'साडी नेसून स्टॉलवर उभं राहायचं' असलं काही एजंटानं सांगितलं असेल तर तिथंच विषय संपवा.

आता खरकट्या ग्लासांचं. साहेबांना माझ्यातर्फे विचारा की हॉटेल मॅनेजमेंटला घातलं तेव्हा काय वाटलं होतं? आपल्याकडं हीच पोरं लग्नसराईत कार्यालयात केटरिंगच्या ड्युटीला जातात, पांढरा शर्ट काळी पँट, रात्री दीडला गाडीवरून परत, त्यावर कुणाचं काही म्हणणं नसतं. भाची तिथल्याच मॅजिक किंगडम पार्कात होती आणि तिला सफाईचं काम होतं, हो झाडू आणि सुपली, माझ्या आईला हे सांगायची कुणाची हिंमत झाली नाही, आम्ही 'मॅनेजमेंट ट्रेनिंग' सांगितलेलं. पण तिच्याकडून ऐकलं ते असं की झाडू हातात असणाऱ्यालाच लोक सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात, बाथरूम कुठं, परेड कितीला, माझं पोरगं हरवलंय. रस्ता दाखवायचा तो एका बोटानं नाही, दोन बोटांनी किंवा पूर्ण हातानं, कारण काही देशांत एक बोट रोखणं उद्धटपणा समजतात. छातीवर बिल्ला, त्यावर नाव फक्त पहिलं, आडनावच नाही. आपल्या पोरांना आडनावाशिवाय आठ तास अनोळखी माणसांत उभं राहायची सवय झाली तर वाईट काय, असं माझं मत, तुम्हाला पटेलच असं नाही.

तर कामाची लाज हा मुद्दा मी बाजूला ठेवते. काळजी करायचीच असेल तर कागदाची आणि पैशाची करा.

कागद असा. जे-१ च्या आत वेगवेगळे प्रकार आहेत. एक समर वर्क ट्रॅव्हल, तो जास्तीत जास्त चार महिन्यांचा, कॉलेजची मोठी सुट्टी असेल तेव्हाच, आणि काम कुठलंही साधं. आपली सुट्टी किती, पेपर संपले की जूनमध्ये पुन्हा कॉलेज, त्यामुळं तिथले चार महिने आपल्या कॅलेंडरात बसवताना पुढच्या सेमिस्टरची हजेरी जाते, हे कॉलेजात आधी लेखी विचारा, सर चांगले आहेत बघून घेतील यावर सोडू नका. दुसरा प्रकार इंटर्नचा, बारा महिन्यांपर्यंत, आणि हा तुमच्या मुलीच्या कामाचा. यात काम शिकत असलेल्या विषयातलंच असावं लागतं, डीएस-७००२ नावाचा ट्रेनिंग प्लॅन असतो ज्यावर मुलीची, तिच्या तिथल्या सुपरवायझरची आणि स्पॉन्सरची सही लागते, आणि हॉटेल-टुरिझममधली इंटर्नशिप सहा महिने किंवा जास्त असेल तर किमान तीन वेगवेगळ्या विभागांत फिरवून काम द्यावं लागतं असा नियमच आहे. म्हणजे वर्षभर एकाच सिंकपाशी उभं केलं तर ते नियमाबाहेर. हा प्लॅन मुलीच्या बाबांना वाचायला द्या, खरकट्या ग्लासांचं उत्तर त्यातच मिळेल.

स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा काका नव्हे, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली संस्था, तिची यादी त्या खात्याच्या जे-१ च्या साइटवर सगळ्यांना बघता येते. डीएस-२०१९ हा फॉर्म ती संस्था देते, तो असल्याशिवाय जे-१ ची मुलाखतच होत नाही. एजंटाला एवढंच विचारा, स्पॉन्सर कोण? नाव सांगायला त्यानं 'बघू, होईल, आपली ओळख आहे' केलं की चहा पिऊन उठा. आणि व्हिसाची गॅरंटी तर मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत काचेच्या पलीकडं बसलेल्या ऑफिसरलाच देता येते, बाकी कुणाला नाही. मुलगी परत येणार याची त्याला खात्री पटली नाही तर त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) खाली तो नाही म्हणतो आणि विषय संपला, भरलेली व्हिसा फी परत मिळत नाही.

पैशाचं. फ्लोरिडात कायद्यानं किमान मजुरी ३० सप्टेंबर २०२५ पासून ताशी १४ डॉलर आहे, ३० सप्टेंबर २०२६ पासून १५ होणार. समजा आठवड्याला ३५ तास मिळाले तर १४ नं ४९० डॉलर झाले, बघायला बरे वाटतात, पण त्यातून दर आठवड्याला घरभाडं जातं, इन्कम टॅक्स जातो (फ्लोरिडा राज्याचा स्वतःचा इन्कम टॅक्स नाही, केंद्राचा आहे), खाणं, मोबाईल, थंडीत जॅकेट. जे-१ वरच्या विद्यार्थ्यांचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर टॅक्स (तिथल्या पेन्शनचा आणि म्हातारपणीच्या औषधोपचाराचा) सहसा कापायचा नसतो, पगाराच्या स्लिपवर तो दिसला तर मुलीनं ऑफिसात जाऊन विचारायचं, लाजायचं नाही. सगळ्यात मोठा प्रश्न तासांचा. ३५ च मिळतील का २५, ऑफर लेटरात किमान तास लिहिलेत का ते बघा, कारण भाडं काही तास बघून कमी होत नाही. आता यातून साडेतीन लाख आणि विमानाचं तिकीट किती महिन्यांत फिटतं ते आजच्या डॉलरच्या भावानं वहीत मांडा. चार महिन्यांच्या प्रोग्रामला माझ्या हिशोबानं फिटत नाही, शिकायला म्हणून जायचं तर जावं, कमवायला म्हणून नाही.

माझं उत्तर विचाराल तर, इंटर्नच्या प्रकारात, स्पॉन्सरचं नाव तपासून, तिसऱ्या वर्षानंतर पाठवा. या एजंटामार्फत नको.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत बी.एस. करतोय, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. म्हणतोय एक सेमिस्टर गॅप घेऊन ऑरलँडोला डिस्नेत जातो, सगळे मित्र जाणार आहेत. आम्ही इकडं एज्युकेशन लोनचे हप्ते भरतोय. काय सांगू त्याला? — एक वडील, शाहूपुरी, सातारा

उत्तर : दादा, मित्र सगळे तिथले नागरिक असणार, त्यांना चालतं. एफ-१ वाल्याला कॅम्पसबाहेर काम करायचं तर सहसा पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं आणि नंतरही सीपीटी म्हणून, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची परवानगी लागते, ती कामाचा संबंध अभ्यासक्रमाशी असेल तरच मिळते, आणि ती आधी मिळवायची, मग कामावर जायचं. सेमिस्टर असंच सोडलं तर फुल टाइम शिकतोय ही अटच मोडते आणि व्हिसाचं स्टेटस जातं. दुसरं, फुल टाइम सीपीटी बारा महिने झाली तर डिग्रीनंतरची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काही काळ तिथं काम करायची परवानगी, हातची जाते, आणि तुमच्या लोनचे हप्ते ज्या नोकरीच्या भरवशावर आहेत ती ओपीटीवरच मिळते ना! कॉलेजात इंटरनॅशनल ऑफिसमध्ये डीएसओ, म्हणजे परदेशी पोरांचे व्हिसाचे कागद बघणारा अधिकारी असतो, पोराला आधी त्याच्यासमोर बसवा. कोर्स हॉस्पिटॅलिटीचा असेल तर कदाचित जमेल, कॉम्प्युटरचा असेल तर मिकी माऊसशी संबंध जोडणं अवघड आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मुलगी जाईल ते ठीक पण खाईल काय, आणि रात्री पार्क बंद झाल्यावर एकटी कशी येईल? — एक आई, मिरज

उत्तर : कामाला असलेल्या पोरांच्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर असतं, पोरी वाटून राहतात आणि कामावर न्यायला बस असतात. ऑरलँडोत भारतीय किराणा मिळतो, तूरडाळीचं टेन्शन घेऊ नका, भडंग मात्र इथूनच द्या, भाची अजून नाव काढते. रूममेट दुसऱ्या देशाच्या असणार, फ्रिजमध्ये मटण असणार, हे मुलीला जायच्या आधी सांगून ठेवा, तिथं गेल्यावर फोनवर रडून उपयोग नाही. दारू एकवीसच्या आत कायद्यानं बंद आहे.

फोनचं म्हणाल तर उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं, थंडीत साडेदहा. रात्री बाराला शिफ्ट संपली की आपल्याकडं सकाळचे साडेनऊ, म्हणजे तुमच्या पोळ्या चालू असताना तिचा फोन येईल, तेवढा वेळ गॅस बारीक करा. पाय दुखतात हे रोज ऐकाल, दिवसभर उभं राहायचं काम, बूट चांगले द्या, त्यात काटकसर नको. १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडं चक्रीवादळांचा हंगाम असतो, २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाचं पाणी बघितलेल्या माणसाला मी काय घाबरवणार, पण बातमी बघून लगेच देव पाण्यात घालू नका, वादळाची सूचना तिकडं आधी येते. आणि एक, जे-१ वर आजारपणाचा विमा सक्तीचा आहे, एका आजाराला किंवा अपघाताला कमीत कमी एक लाख डॉलरचा, त्याच्या कार्डाचा फोटो तुमच्याही मोबाईलमध्ये असू द्या. पासपोर्ट कुणी 'ऑफिसात जमा कर' म्हणालं तर द्यायचा नाही, मालकाला तो ठेवून घ्यायचा अधिकार नाही, व्हिसाच्या वेळी हक्कांची एक पत्रिका मिळते त्यात हे असतं. मुली ती वाचत नाहीत, तुम्ही वाचा.

प्रश्न : दुबईच्या पार्कात राइड ऑपरेटरचं काम आहे, पोरगा बारावी झालाय. एजंट म्हणतो आता व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो. — एक वडील, तासगाव

उत्तर : नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे, पकडला तर पोरगा अडकतो, एजंट नाही. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याकडं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. त्याला सेवा शुल्क घेता येतं ते ३० हजार रुपये अधिक जीएसटी, त्यापुढं नाही. तुमच्याकडं किती मागितलेत ते पत्रात लिहिलेलं नाही, पण अंदाज आला.

प्रश्न : मी स्वतःच लिहितेय, आईबाबांना माहीत नाही. मला जायचंय, पटवू कसं? — सातारा, नाव नको

उत्तर : रील दाखवू नकोस, रील बघूनच ते घाबरलेत. एक पान घे आणि त्यावर लिही : प्रोग्रामचा प्रकार, स्पॉन्सरचं नाव, किती महिने, ताशी किती, किमान तास किती, भाडं किती, कॉलेजचं सेमिस्टर कुठलं बुडतं आणि ते कधी भरून काढणार. जी जागा रिकामी राहील त्याची माहिती आधी काढ. जमलं तर त्याआधी सुट्टीत इथंच काम करून बघ, खोपोलीजवळ इमॅजिका हे थीम पार्क आहे, २०१३ पासून, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेपासून जवळ, तिथं किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या हॉटेलात मे महिन्यात उभी राहून बघ, गर्दीत राग आवरतो का तेही कळेल आणि बाबांना सांगायला काहीतरी हातात असेल. मग ते पान बाबांना दे, जेवण झाल्यावर, आणि मॅच नसेल त्या दिवशी.