रोज तेरा तास काम आणि टाइमशीटवर नऊच: तक्रार करावी का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीतल्या साठेक जणांच्या कंपनीत रोज तेरा तास बसवून घेतात, रात्री आठला एसी बंद करतात, खिडक्या उघडत नाहीत आणि टाइमशीटमध्ये नऊच तास भरायला लावतात. तक्रार जरूर करा. पण त्याआधी ती टाइमशीट खरी भरायला लागा.

मी बरीच वर्षं सपोर्ट प्रोजेक्टवर काढली आहेत. क्लायंटला बिल ठरलेल्या तासांचंच जातं, म्हणून मॅनेजर वरचे तास दाखवू देत नाही. तुम्ही निमूटपणे नऊ भरलेत, तर उद्या कामगार अधिकाऱ्यासमोर कंपनी तुमचीच टाइमशीट ठेवणार. खरे तास नाकारले, तर तसं एका ओळीत मॅनेजरला मेल करा, एचआरला सीसीत ठेवा. आल्या-गेल्याच्या वेळा रोज वहीत लिहा. क्लायंटचे मेल किंवा कोड मात्र स्वतःच्या जीमेलवर अजिबात पाठवू नका. तेवढ्यावरून काढून टाकतात.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आयटी कंपन्यांनाही लागू आहे. त्यात मुळात दिवसाला 9 तास आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती; आठवड्याला 48 तास आणि जादा वेळेला दुप्पट दर आहे. ऑफिसात हवा खेळती ठेवणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी. 2025 मध्ये सरकारने रोजची मर्यादा 10 तासांवर न्यायचं ठरवलं, तरी तेरा तास फुकट राबवायची मुभा त्यात नाही. मॅनेजर-सुपरवायझर तासांच्या नियमातून वगळता येतात, तेव्हा तुमच्या ऑफर लेटरवरचं पद नीट वाचा.

2024 मध्ये पुण्यातल्या एका तरुण सीए मुलीच्या मृत्यूनंतर कामगार खात्याने तिच्या बड्या कंपनीचं ऑफिस तपासलं. ते 2007 पासून दुकाने व आस्थापना नोंदणीविनाच चालू होतं! मला त्याची आजही चीड येते. तपासायला माणसं आली, ती एक पोरगी गेल्यावर.

नोकरीची भीती खरी आहे, म्हणून एकट्याने जाऊ नका. टीममधले तिघं-चौघं मिळून सही करा. पुण्यात आयटीवाल्यांसाठी 'नाइट्स' (NITES) ही संघटना काम करते, आधी त्यांच्याशी बोला. मग पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.