वाहन-सल्ला : पेट्रोलवरच थरथरणारे इंजिन

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवले आहे. सकाळी पेट्रोलवर सुरू केल्यावर इंजिन तीनच सिलिंडरवर चालल्यासारखे थरथरते आणि गाडी सीएनजीवर गेली की थरथर थांबते. स्कॅनरवर पी०२०३ हा कोड आला. गॅरेजवाले चारही इंजेक्टर बदलायला सांगतात. बदलावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तूर्त एकही इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) विकत घेऊ नका. स्पार्क प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशन या तिन्ही गोष्टी दोन्ही इंधनांना सामाईक असतात आणि सीएनजी पेटवायला ठिणगी उलट अधिक जोरकस लागते. त्यामुळे सीएनजीवर इंजिन सुरळीत चालत असेल, तर दोष पेट्रोलच्या बाजूलाच आहे हे जवळजवळ निश्चित होते. पी०२०३ हा कोड तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या विद्युतमार्गातला बिघाड दाखवतो. इंजेक्टर कचऱ्याने तुंबला म्हणून हा कोड येत नाही, तेव्हा इंजेक्टर साफ करून घेण्यावरही आज खर्च नको.

इंजिन थंड असताना, चावी बंद ठेवून तिसऱ्या इंजेक्टरचा कपलर (वायरी जोडणारा सॉकेट) काढा आणि इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मल्टिमीटरने मोजा. अशा गाड्यांत तो बहुधा 12 ते 16 ओहम भरतो. मात्र पुस्तकी आकड्यापेक्षा शेजारच्या तीन इंजेक्टरांशी केलेली तुलना मला जास्त भरवशाची वाटते. तापलेल्या इंजिनावर मोजाल तर फसाल, कारण 20 अंशांना 14 ओहम दाखवणारी तांब्याची गुंडाळी 90 अंशांना 18च्या आसपास दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर गुंडाळी तुटली आहे आणि तो एकच इंजेक्टर बदलावा.

रोध बरोबर आला, तर वायरिंगकडे वळा. चावी चालू केल्यावर कपलरच्या एका पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज मिळायला हवा (काही गाड्यांत तो चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंदच टिकतो). दुसरी वायर ईसीएमकडे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) जाते आणि ईसीएम तिला क्षणोक्षणी अर्थिंग (ग्राउंड) देऊन इंजेक्टर उघडतो. इंजिन पेट्रोलवर फिरत असताना हे स्पंदन येते का, ते नॉइड लाइट (कपलरमध्ये बसवायचा छोटा चाचणी-दिवा) लावून दिसते. इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब मात्र तिथे लावू नका; इंजेक्टरपेक्षा तो जवळपास दुप्पट करंट ओढतो आणि ईसीएमला इजा होऊ शकते.

दिवा लुकलुकत नसेल, तर माझा पहिला संशय किट बसवताना केलेल्या जोडांवर आहे. सीएनजीवर असताना पेट्रोल बंद ठेवण्यासाठी इंजेक्टरच्या वायरी कापून एम्युलेटरमधून (पेट्रोल इंजेक्टर बंद असतानाही ईसीएमला ते चालू भासवणाऱ्या किटच्या भागातून) फिरवलेल्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली आढळते. टेप सोडवून पाहा : आतले तांबे काळे किंवा हिरवट पडले असेल, तर बिघाड तिथेच सापडला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच वेळी तपासून घ्या. दुरुस्तीसाठी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, स्वच्छ तांबे लागेपर्यंत वायर मागे कापा, तेवढ्याच जाडीची वायर डाख देऊन जोडा आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) स्लीव्ह चढवा. इंजिनाच्या कंपनाने जोडावर ताण येणार नाही अशी वायर बांधा, कोड पुसा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिन पेट्रोलवरच चालवून खात्री करा. तोवर गाडी पेट्रोलवर फार पळवू नका, कारण बंद सिलिंडरमधून जाणारी कोरी हवा आणि इतर सिलिंडरांचे जादा इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळून तो खराब होतो.

प्रश्न : हीच तपासणी माझ्या कॉमन रेल डिझेल गाडीवर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) डिझेल इंजेक्टरचा रोध बहुधा एक ओहमपेक्षाही कमी असतो, त्याला दिला जाणारा व्होल्टेज बॅटरीच्या कितीतरी पट असतो आणि रेलमधला (सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब हजार बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना कपलरला किंवा पाइपाच्या नटाला हात लावू नका. कपलरच्या पिना गंजल्या आहेत का, एवढे इंजिन बंद ठेवून पाहा आणि पुढचे काम डिझेलच्या जाणकाराकडे सोपवा. इंजेक्टर बदललाच, तर त्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरून घेतला की नाही, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विचारा.